सुभेदाराचं लंघन

ऐन संक्रांतीच्या सकाळी, गुळाचा पाक हाताला चटके देत असताना, निरुपमाला गॅलरीतून नानांची हाक आली. ‘‘निरू, आधी इकडे ये. सुभेदाराचं पोट बिघडलंय.’’

पाक कोणासाठी थांबत नाही. थंड झाला की लाडू वळत नाहीत, आणि दुपारी सोसायटीतल्या पंधरा बायका तिळगुळाला यायच्या होत्या. तरी ती उठली, कारण नानांची हाक आली की या घरात उठायचं असतं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तिनं ही रीत एकदाही मोडली नव्हती. तिला त्या क्षणी या गोष्टीचा राग आला, आणि पुढच्या पाच दिवसांत तो रोज वाढतच गेला.

सुभेदार म्हणजे ससा. पांढरा, दोन्ही कान राखाडी, आणि बसायची पद्धत अशी की बडोद्यातला सगळा कारेलीबाग त्याच्या अमलाखाली आहे. चार वर्षांपूर्वी निरुपमाच्या मुलीनं, उत्कर्षानं, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला घरी आणलं, आणि नोकरी लागताच स्वतः बंगळुरूला निघून गेली. ‘‘हा उंदीर मला घरात नको,’’ असं तेव्हा ठणकावून सांगणारे सासरे, वसंतराव, म्हणजे नाना, सहा महिन्यांत त्या उंदराचे गुलाम झाले. नाना त्र्याऐंशीचे. रेल्वेच्या मालधक्क्यावर सबंध हयात गेली, पंचवीस वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि सासूबाई गेल्यापासून दिवसभर बोलायला कोणी उरलं नव्हतं. मुलगा मुकुंद नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात पाळ्या करणार, सून घरातच दहावी-बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेणार. मग नाना आणि ससा गॅलरीच्या उन्हात बसून राहत. नाना त्याच्याशी गुजरातीत बोलत. ‘‘बाजारातून आणलाय, त्याला मराठी कुठून येणार?’’ असं त्यांचं म्हणणं. पेपरातली प्रत्येक बातमी त्याला सांगितली जाई आणि ससा मिशा हलवून ती मंजूर करी.

तर त्या सकाळी गॅलरीत लेंड्यांचा वेगळाच प्रकार पडला होता. नेहमीच्या कोरड्या, गोल, वाटाण्याएवढ्या असतात तशा नाहीत. मऊ, चिकट, काळपट, एकमेकींना चिकटलेल्या. आदल्या दिवशी भोगी होती. भोगीच्या भाजीची तयारी करताना नानांनी गाजराचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, बोरं आणि वर ऊस सोलून त्याचे करवे, असा सगळा नैवेद्य सुभेदारापुढे मांडला होता. ‘‘सणासुदीला त्यानंच काय पाप केलंय?’’ असं वर ऐकवलंही होतं.

‘‘अपचन,’’ नाना म्हणाले. ‘‘लंघन. उद्या सकाळपर्यंत काही घालायचं नाही. फक्त पाणी.’’

लंघन ही या घरातली सर्वांत जुनी आणि एकमेव औषधपद्धती. ताप आला, लंघन. पोट दुखलं, लंघन. मुकुंदची कावीळ म्हणे लंघनानंच गेली, आणि नाना स्वतः त्र्याऐंशीव्या वर्षी बिनसाखरेचे, बिनरक्तदाबाचे ठणठणीत, हा तर चालताबोलता पुरावा. नानांनी कोणाचं लंघन जाहीर केलं की त्या माणसाचं पान मांडायचं नाही, विषय संपला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी निरुपमाला फ्लू झाला होता तेव्हा तिनं न्हाणीघराची कडी लावून बिस्किटाचा अख्खा पुडा खाल्ला होता. ही गोष्ट तिनं अजून नवऱ्यालाही सांगितलेली नाही.

‘‘आणि हे गवत इथे ठेवू नकोस. समोर असलं तर खाईल,’’ नाना म्हणाले. ‘‘खाली गायीला घालून ये. आज पुण्यकाळ आहे.’’

निरुपमाच्या डोळ्यांसमोर पाक थंड होत होता. तिनं गवताची टोपली उचलली, भराभर दोन जिने उतरली, गेटबाहेर उभ्या असलेल्या गायीपुढे ती पालथी केली आणि धावत वर आली. पाक घट्ट झालाच होता. लाडवांचे दगड झाले आणि तिनं मनातल्या मनात गायीला, सशाला आणि सासऱ्यांना एकत्र शिव्या घातल्या.

दिवसभर गच्च्यांवर पतंग, कर्णे, पिपाण्या, ‘‘लपेट, लपेट!’’ अशा आरोळ्या चालू होत्या. बायका आल्या, गेल्या. संध्याकाळी निरुपमा गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेली तेव्हा सुभेदार टोपलीच्या रिकाम्या जागी बसला होता. फरशी चाटत होता. मग तो आला आणि त्यानं तिच्या पायाला नाकानं ढुशी दिली, एकदा, परत एकदा. खायला हवं असलं की तो असंच करायचा.

तिला तेव्हा आठवलं. उत्कर्षा बंगळुरूला जाताना दहा सूचना देऊन गेली होती. त्यातली एक अशी होती, की सशाला सतत काहीतरी चरायला लागतं, त्याला उपाशी ठेवायचं नाही. ती नानांच्या खोलीच्या दारात गेली आणि म्हणाली, ‘‘नाना, उत्कर्षा म्हणायची की सशाला सारखं खायला लागतं.’’

नाना ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकत होते. ‘‘उत्कर्षा अजून पोर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘एका रात्रीचा तर प्रश्न आहे.’’

फ्रिजमध्ये कोथिंबिरीची जुडी होती. ती उचलून गॅलरीत टाकायला किती वेळ लागला असता? पण मग नाना सकाळी काड्या बघणार, कोणी घातली म्हणून विचारणार, दोन दिवस तोंड फुगवून बसणार. आणि दिवसभर पंधरा बायकांचे कप विसळून निरुपमाच्या अंगात वाद घालण्याएवढं त्राण उरलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सुभेदार शांत होता. गॅलरीत लेंडीचा पत्ता नव्हता. ‘‘बघ, पोट साफ झालं,’’ नाना विजयानं म्हणाले आणि गाजराचा एक तुकडा त्याच्यापुढे धरला. सुभेदारानं तोंड वळवलं. कोथिंबीर आणली, तिच्याकडेही पाहिलं नाही. अंगाचा गोळा करून तो कोपऱ्यात बसला आणि दातांवर दात घासू लागला. त्याचा आवाज आतल्या खोलीपर्यंत येत होता. निरुपमानं त्याच्या पोटाला हात लावला तर पोट फुगून टणक झालं होतं.

आता आली का पंचाईत. तो दिवस वासी उत्तरायणाचा, म्हणजे शिळ्या संक्रांतीचा. अख्खं बडोदं दुसऱ्या दिवशीही गच्चीवर. निरुपमानं जनावरांच्या सहा दवाखान्यांना फोन लावले. तीन ठिकाणी कोणी उचलला नाही. एकानं सांगितलं, आज फक्त मांजानं कापलेली पाखरं घेतो. एका डॉक्टरानं विचारलं, ‘‘ससलुं? कूतरुं होय तो कहो,’’ कुत्रा असला तर सांगा म्हणून फोन ठेवला. सहाव्यानं सांगितलं, या, पण लाइन लांब आहे.

मुकुंद पाळीवर होता. कारखान्याला संक्रांत नसते. स्कूटरवर ससा घेऊन मांजातून जाण्याची तिची छाती नव्हती, म्हणून त्याला टोपलीत घालून रिक्षा शोधायला गेटवर उभी राहिली तर मागून नाना माकडटोपी चढवून हजर. ‘‘मी येणार,’’ ते म्हणाले. ‘‘त्याला कळतं माझं बोलणं.’’ त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला दोन जिने उतरवायला दहा मिनिटं गेली. रिक्षावाल्यानं दोघांना आणि टोपलीला पाहून विचारलं, ‘‘काका, आमां ऊंधियुं छे?’’ सणाच्या भाजीचा तो विनोद, पण निरुपमाला हसू आलं नाही.

दवाखान्यात नजर जाईल तिथे पुठ्ठ्याची खोकी होती, आणि प्रत्येक खोक्यात एकेक कबूतर. कोणाचा पंख तुटलेला, कोणाचा गळा कापलेला. खोकी घेऊन आलेली कॉलेजातली मुलं ओळीत उभी होती. निरुपमा पुढे गेली आणि म्हणाली की ससा आहे, फार आजारी आहे, कालपासून काही खाल्लं नाही. एक मुलगी म्हणाली, ‘‘आंटी, आनुं तो लोही नीकळे छे,’’ आणि खोकं पुढे करून दाखवलं. खरंच रक्त होतं. सशाचं रक्त निघत नव्हतं, म्हणून सशाचा नंबर शेवटी. दीड तास. दीड तास ती उभी होती, नाना बाकावर टोपली मांडीवर घेऊन त्याला हळू आवाजात काहीतरी सांगत होते, आणि आत दात घासल्याचा आवाज चालूच होता. ज्या लोकांनी दोन दिवस आभाळभर काच लावलेला दोरा पसरला, त्यांचीच मुलं आता पाखरं गोळा करून पुण्य कमावतायत, असा विचार तिच्या मनात आला. तो बरोबर नव्हता, मुलं बिचारी चांगली होती. पण तिला त्या वेळी कोणाचंच चांगलं बघायचं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते, नील नाव. दोन दिवस झोपले नसावेत. त्यांनी सशाच्या पोटाला नळी लावून ऐकलं, बराच वेळ ऐकलं.

‘‘क्यारथी नथी खाधुं?’’

‘‘काले सवारथी,’’ निरुपमा म्हणाली.

‘‘एणे बंध कर्युं के तमे?’’ खाणं त्यानं सोडलं की तुम्ही तोडलं, हे त्यांना हवं होतं.

‘‘अमे,’’ नाना मागून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जरासा अभिमानही होता. ‘‘पेट खराब हतुं. एटले लांघण कराव्युं.’’

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी नानांकडे पाहिलं, माकडटोपीतल्या त्या चेहऱ्याकडे आणि सशाच्या पाठीवर ठेवलेल्या हाताकडे. मग आता खाऊ घालू या एवढंच ते म्हणाले, ‘‘सारुं दादा. हवे खवडावीए.’’ त्यांनी सशाला कातडीखाली सलाइन दिलं, एक इंजेक्शन दिलं, आणि निरुपमाला कागद लिहून देतो म्हणून बाहेर नेलं.

बाहेर त्यांनी सांगितलं ते असं. सशाच्या आतड्याला थांबणं माहीत नसतं. सतत गवत आत गेलं पाहिजे, तरच ते चालतं. बारा तास रिकामं राहिलं की बंद पडतं, वायू भरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून ते आणखी बंद पडतं. आणि त्या मऊ लेंड्या? तो आजार नव्हताच. तशा लेंड्या सशाला रोज होतात आणि तो स्वतःच त्या खाऊन टाकतो. गोडधोड जास्त झालं की थोड्या पडून राहतात. त्याला उपाय एवढाच, की गोड बंद करायचं आणि गवताचा ढीग ठेवायचा.

म्हणजे बंद करायचा होता ऊस, आणि बंद केलं गवत. आणि ते गवत गायीला घालून कोण आलं होतं? बारावीला गणित शिकवणारी, मुलांना पायरी चुकली तर लाल रेघ मारणारी निरुपमाबेन.

‘‘दादाने ना कहेता,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘जीव बाळशे.’’ दादांना सांगू नका, जीव जाळत बसतील.

दर दोन तासांनी गवत वाटून, पातळ करून, बिनसुईच्या सिरिंजनं तोंडात घालायचं, पोट हलक्या हातानं चोळायचं. दोन-तीन दिवसांत लेंडी पडली तर वाचेल. तो खाऊ लागला पाहिजे, बाकी काही नाही.

आता गवत हवं. मंदिराच्या कोपऱ्यावर गायींसाठी घास विकणारी बाई बसते, रोज तिथूनच सुभेदाराची पेंडी यायची. रिक्षा तिथे थांबवली तर बाई गोणपाट झटकून घरी निघाली होती. ‘‘बधुं गयुं बेन. उत्तरायण छे, पुण्य करवा बधा लई गया.’’ आणि समोर चार गायी उभ्या होत्या, गुडघाभर हिरव्या गवतात. पोटं टम्म फुगलेली. त्यातली एक तर गवताच्या ढिगावरच बसली होती. भाविक तरी अजून येत होते, पेंडी टाकत होते, गायीच्या पाठीला हात लावून कपाळाला लावत होते.

निरुपमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा गेली आणि एका गायीच्या तोंडासमोरची अख्खी पेंडी उचलली.

‘‘ओ बेन! गायनुं छे ए!’’ एक गृहस्थ ओरडले. ‘‘पाप लागशे!’’

‘‘लागू दे!’’ ती मराठीत ओरडली, वळून दुसरी पेंडीही उचलली आणि रिक्षात बसली. नाना आश्चर्यानं तिच्याकडे बघत राहिले. सत्तावीस वर्षांत त्यांनी सुनेचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. ती स्वतःशीच म्हणाली, हा आवाज काल कुठे मेला होता?

त्यानंतरचे दोन दिवस म्हणजे नुसती दगदग. मिक्सरमध्ये गवत, कोथिंबीर, पाणी. गाळायचं, कोमट करायचं, सिरिंज भरायची. सशाला टॉवेलात गुंडाळून नाना मांडीवर घ्यायचे आणि ती त्याच्या गालाच्या कडेनं थेंब थेंब आत सोडायची. अर्धं बाहेर यायचं. रात्रीही गजर लावून दोघं उठायची. मुकुंद पाळीवरून आला, मिक्सरमधला हिरवा लगदा बघितला, सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला. ‘‘नानांना सांगू नकोस,’’ तोही म्हणाला. ‘‘आता सांगून काय मिळणार?’’

‘‘अहो, ते मला विचारतात. सारखे विचारतात.’’

‘‘मग सांग, वय झालंय म्हणून.’’

‘‘चार वर्षांचा आहे तो!’’

‘‘तरी सांग,’’ मुकुंद म्हणाला आणि अंघोळीला गेला. सगळे किती समजूतदार. डॉक्टर समजूतदार, नवरा समजूतदार. फोनवर उत्कर्षानं सगळं ऐकलं, रडली, आणि शेवटी तीही म्हणाली, ‘‘आजोबांना काही बोलू नकोस हं आई.’’ आजोबांना कोणीच काही बोलायचं नाही, हे तर आम्ही सत्तावीस वर्षं पाळतोच आहोत, असं निरुपमाच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. गिळायची सवयच होती.

आणि नाना? नाना खरोखर विचारत राहिले. ‘‘निरू, डॉक्टर तुला बाहेर काय म्हणाला?’’ ‘‘औषधं सांगितली, नाना.’’ एका तासानं परत. ‘‘नुसती औषधं सांगायला बाहेर कशाला न्यायचं?’’ ती सिरिंज धुवायला उठे. तिला त्यांच्या तोंडावर सगळं फेकावंसं वाटे. आणि मग ते सशाचं पोट आपल्या सुरकुतलेल्या बोटांनी गोल गोल चोळताना दिसत, ‘‘खाई ले, दीकरा, थोडुं खाई ले,’’ असं पुटपुटताना. तिचा राग अशा वेळी कुठे जाऊन बसावा हे त्यालाच कळत नसे.

सोळा तारखेच्या दुपारी टॉवेलावर दोन लेंड्या पडल्या. मोहरीपेक्षा जरा मोठ्या, वेड्यावाकड्या. नानांनी आरडाओरडा करून तिला वर्गातून उठवलं. बारावीची सात मुलं वह्या सोडून गॅलरीच्या दारात गोळा झाली आणि दोन लेंड्या पाहून टाळ्या वाजवू लागली. नाना म्हणाले, सगळ्यांना तिळगूळ दे. ते दगडासारखे लाडू त्या दिवशी मुलांनी दात लावून संपवले. निरुपमाला कित्येक महिन्यांत इतका आनंद झाला नव्हता. संध्याकाळी सुभेदारानं कोथिंबिरीचं एक पान आपण होऊन तोंडात घेतलं आणि अर्धं खाल्लं. नाना त्या अर्ध्या पानाकडे बघत बसले.

सतराला सकाळी त्यानं परत तोंड मिटलं. सिरिंजमधलं सगळं बाहेर येऊ लागलं. कान गार पडले. डॉक्टर नीलना फोन केला, ते म्हणाले घेऊन या, मग म्हणाले, ‘‘के पछी घरे ज राखो. तमारी पासे रहेशे.’’ घरीच ठेवा, तुमच्याजवळ राहील. याचा अर्थ तिला कळला. दुपारी साडेचारला, ती आतल्या खोलीत मुलांना त्रिकोणमिती शिकवत असताना, नानांच्या मांडीवर, उन्हात, त्यानं एकदा पाय ताणले आणि तो गेला. नानांनी हाक मारली नाही. वर्ग संपवून सहा वाजता ती बाहेर आली तेव्हा ऊन कधीच उतरलं होतं आणि ते तसेच बसले होते, हात त्याच्या पाठीवर ठेवून.

‘‘झोपलाय?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही,’’ नाना म्हणाले.

ती तिथेच खाली फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. नाना रडले नाहीत.

पुरायचं कुठे यावरही भानगड झालीच. सोसायटीचे चेअरमन फत्तेसिंहराव म्हणाले, कॉमन प्लॉटमध्ये परवानगी देता येणार नाही, आज ससा, उद्या कोणाचा कुत्रा, परवा सगळ्यांचं सगळं. मुकुंद त्यांच्याशी हुज्जत घालत बसला. निरुपमा सरळ कुदळ घेऊन खाली गेली, तगरीच्या झाडामागे खड्डा खणायला लागली आणि फत्तेसिंहरावांकडे तिनं अशी काही नजर टाकली की ते ‘‘ठीक, ठीक, या वेळेपुरतं,’’ म्हणत घरात गेले.

अठराला नाना जेवायला आले नाहीत. मुकुंदनं बोलावलं, तर पोट जड आहे म्हणाले. रात्रीही नाही. एकोणीसच्या सकाळी चहाही परत आला. दुपारी निरुपमा वाढून वाट बघत होती. वरण-भात, वर तूप, बटाट्याची भाजी. पंधरा मिनिटांनी ती ताट घेऊन त्यांच्या खोलीत गेली. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून, अंगाचा गोळा करून पडले होते.

‘‘नाना, जेवून घ्या.’’

‘‘नको. लंघन करतोय.’’

मग मात्र तिचा बांध फुटला.

‘‘बास!’’ ती एवढ्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला. ‘‘पुरे झालं ते लंघन! या घरात आता कोणी उपाशी राहायचं नाही! ऐकताय का? ताप येऊ दे, पोट दुखू दे, माणूस असो नाहीतर ससा असो, माझ्या घरात कोणी उपाशी राहणार नाही! उठा! उठून बसा!’’

दारात मुकुंद धावत आला आणि जागच्या जागी थिजला. नाना हळूहळू उठून बसले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, दाढीचे पांढरे खुंट वाढले होते.

‘‘उपासानं गेला ना तो?’’ त्यांनी विचारलं.

मुकुंदनं तिला डोळ्यांनी खुणावलं, नको. डॉक्टर नको म्हणाले होते, उत्कर्षा नको म्हणाली होती. पण आता निरुपमाला गिळता येईना.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘उपासानं गेला. त्याला काही झालं नव्हतं. गवत राहू दिलं असतं तर आज इथे बसला असता.’’ ‘‘आणि गवत मी उचललं, नाना. मला शंका आली होती. उत्कर्षा सांगून गेली होती. फ्रिजमध्ये कोथिंबीर होती. तो माझ्या पायाशी आला होता मागायला, आणि मी नाही दिली.’’

नानांनी ताट आपल्याकडे ओढून घेतलं, पण हात भाताला लागला नाही.

‘‘आता ओरडलीस तशी,’’ ते म्हणाले, ‘‘त्या दिवशी का नाही ओरडलीस गं?’’

ती पलंगाच्या कडेला टेकली, त्यांच्या ताटातला भात वरणात कालवला आणि घास पुढे धरला. नानांनी तोंड उघडलं.